एकपदरी तार

गुरुवार, १४ फेब्रुवारी २००८. सकाळी थंडी, विहिरीवर धुकं. गंगूकडून बांगडे घेतले. स्वयंपाकघरातला दिवा सोमवारपासून बंद, मेणबत्तीवर भागवलं. दुपारी अक्षदा आणि नितेश त्यांचा रोबो घेऊन खळ्यात आले. रोबोचा फ्यूज पाचव्यांदा उडाला. अक्षदा आईला टाकून बोलली. मी तिथेच बसले होते. मी काही बोलले नाही.

बेळगावच्या कॉन्व्हेंटात सिस्टरनी आम्हा मुलींना रोजनिशीची सवय लावली. घडलं ते वहीत लिहायचं आणि वाटलं ते देवाला सांगायचं, अशी त्यांची शिस्त. ती मी आजवर पाळत आले. त्यामुळे त्या दिवसाच्या नोंदीत शेवटची दोन वाक्यं आहेत तेवढीच आहेत. त्यांच्यामागचं आता लिहिते, कारण ते गंगूचं आहे आणि गंगू स्वतःबद्दल कधी बोलायची नाही.

गंगू आमच्या वाडीतली मासेवाली. तिचा घरवाला परशुराम दुसऱ्याच्या ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोट चालवणारा. पहाटे मालवणच्या धक्क्यावर लिलावात मासळी घ्यायची आणि नऊच्या सुमारास डोक्यावर पाटी घेऊन दारोदार निघायचं, हा तिचा वीस-पंचवीस वर्षांचा नेम. बोलायला फटकळ. "काकी, आज सुरमय घेव नकात, ती कालची आसा. बांगडे घेवा," असं स्वतःच्याच मालाबद्दल सांगणारी मासेवाली मी दुसरी पाहिली नाही.

एके काळी तिच्या कमरेला कोयतीच्या जोडीने एक टेस्टर खोचलेला असे, आणि पाटीच्या कडेला प्लास्टिकच्या पिशवीत फ्यूजच्या तारेची तीन रिळं. तिचा बाप बाबू बर्फाच्या कारखान्यात मोटरी सांभाळायचा. गंगू लहानपणी त्याचा डबा घेऊन जायची आणि त्याचं जेवण होईपर्यंत विजेच्या बोर्डासमोर उभी राहायची. शाळा चौथीपर्यंत, पण बोर्ड तिला तोंडपाठ. फ्यूज गेला की बाबू म्हणायचा, आधी कशानं गेला ते बघ, मग बांध.

फ्यूज म्हणजे चिनीमातीच्या खाचेत बसवलेली बारीक तार. घरातल्या सगळ्या तारांत सर्वांत अशक्त, आणि मुद्दाम अशक्त ठेवलेली. भार वाढला की ती वितळते आणि वीज तिथल्या तिथे थांबते, म्हणून भिंतीतली तार तापत नाही. हे मला गंगूने शिकवलं. आमच्या लाइनमनच्या वाट्याला अकरा गावं होती, तो येईल तेव्हा येई. गंगू मासे विकता विकता येई. हात धुवायची, कोरडे करायची, मेन स्विच खाली ओढायची आणि मग बोर्डाकडे वळायची. बायका चेष्टा करत, "गंगू, तुझो बांगडो करंट तर मारूचो नाय मां?" ती म्हणे, "मारीत! कालचे पैसे देवक नाय तेका पयलो मारतलो."

चतुर्थीत मात्र आमच्या वाडीचा एक रिवाज होता. गणपती घरात असताना दिवा जाणं कुणालाच खपत नसे, आणि आरतीत गेला तर म्हातारी माणसं दिवसभर चुकचुकत. त्यात तेव्हाच घरोघरी मुंबईची माणसं यायची, पंखे, रोषणाईच्या माळा, मिक्सर, सगळं एकदम चालू. म्हणून तेवढ्या दिवसांपुरती फ्यूजमध्ये जाड तार किंवा दुहेरी-तिहेरी पदर घालायचे आणि विसर्जन झालं की काढायचे. त्याला 'चतुर्थीची तार' म्हणत. गंगूला हे आवडत नसे. ती एकपदरी बांधून जायची आणि तिच्या पाठीमागे घरातला कुणी पुरुष वर आणखी पदर गुंडाळायचा.

१९९८च्या चतुर्थीला आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आरतीच्या वेळी छताजवळची जुनी तार तापून धुमसली. गणपतीवर बांधतात ती लाकडी माटवी, तिच्यावरचे आंब्याच्या पानांचे टाळे आदल्या दिवसापासून सुकलेले. ते पेटले. आमचे हे पोस्टमास्तर, एरवी पाऊल मोजून टाकणारे. त्यांनी पुढे होऊन पेटलेली रोषणाईची माळ हाताने ओढून काढली. वितळलेलं प्लास्टिक त्यांच्या उजव्या तळव्याला चिकटलं. गंगू शेजारच्या घरी आरतीला होती. ती धावत आली आणि तिनेच मेन स्विच ओढला, नाहीतर आम्ही चालू विजेवरच पाणी ओतणार होतो. मूर्तीला काही झालं नाही. यांची दोन बोटं कायमची वाकडी राहिली.

त्या संध्याकाळी आमच्या खळ्यात, पुढच्या अंगणात, वाडी जमली. वाडीतल्या यशोदाने विचारलं, "गंगू, किती पदर घातलेलंस?"

"दोन," गंगू म्हणाली.

एवढंच. तिने कमरेचा टेस्टर काढून विहिरीच्या कठड्यावर ठेवला आणि ती घरी गेली. टेस्टर न्यायला ती परत आली नाही. यांनी तो आपल्या टेबलाच्या खणात ठेवला. पुन्हा वाडीत तिला कुणी फ्यूज बांधायला बोलावलं नाही. आमच्याकडे पुढच्या निम्म्या घरात नव्या तारा आल्या आणि फ्यूजऐवजी ती पांढरी पेटी आली, भार वाढला की जिच्यातला खटका आपोआप पडतो आणि नुसता वर केला की पुन्हा वीज येते. मागचं स्वयंपाकघर जुन्याच तारेवर राहिलं. गंगू मासे घेऊन येतच राहिली. खळ्यापर्यंत. उंबऱ्याच्या आत तिने पाऊल टाकलं नाही.

हे झालं तेव्हा अक्षदा, गंगूची मुलगी, नऊ वर्षांची होती. ती पुढे डिप्लोमाला गेली, इलेक्ट्रॉनिक्सला. २००८च्या फेब्रुवारीत कुडाळच्या एका कॉलेजात रोबोंची स्पर्धा होती, आणि अक्षदा, तिच्या वर्गातला नितेश आणि आणखी दोघं मिळून त्यांनी एक रोबो बांधला. पत्र्याची चौकोनी बैठक, मागे दोन चाकं, प्रत्येक चाकाला ट्रकच्या वायपरची एक मोटर, मधे बारा व्होल्टची बॅटरी, लांब वायरीच्या टोकाला हातात धरून चालवायची पेटी, पुढे ठोकळे पकडायला दोन आकडे. त्या आकड्यांवरून नाव ठेवलं 'कुर्ली'. मालवणीत कुर्ली म्हणजे खेकडा. तीन मिनिटांत लाकडी ठोकळे आपल्या चौकोनात आणायचे, समोरच्याचा रोबो आडवा येणार, आणि मधेच रोबोला हात लावला तर गुण जाणार.

पहिला आठवडा त्यांनी सराव गंगूच्या दारात केला, जिथे जाळी वाळत घालतात. मग पोरं माझ्या खळ्यात आली, कारण ते शेणाने सारवलेलं, सपाट. मला त्यांची सोबत आवडे. माझ्या मांजराला तर कुर्लीचं वेडच लागलं होतं. कुर्ली थांबली की ते उजव्या चाकाशी नाक लावून बसायचं.

"काकी, तुमच्या मांजराक खरीच कुर्ली दिसता," नितेश म्हणायचा.

कुर्लीचं दुखणं एकच होतं. नीट चालता चालता ती थांबायची. फ्यूज गेलेला असायचा, काचेच्या बारीक नळीतला. नितेशने कुडाळहून डबीभर फ्यूज आणले होते. एक गेला, दुसरा गेला. गुरुवारी पाचवा गेला. शनिवारी स्पर्धा.

तेव्हा नितेशने एका वायरीतून तांब्याच्या केसासारख्या तारा सोडवल्या आणि गेलेल्या फ्यूजवरून चार पदर गुंडाळले. वर काळी चिकटपट्टी. "परवाच्या दिसापुरती चतुर्थीची तार," तो हसत म्हणाला. "तीन मिनटांचो खेळ. तीन मिनटांत काय जळता?"

अक्षदाही हसली. कुर्ली चालायला लागली, आणि खरंच थांबेना.

गंगू रिकामी पाटी घेऊन घरी चालली होती. ती खळ्याच्या कडेला उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "ता काढ."

"आये, तू जा घराक," अक्षदा म्हणाली.

"काढ म्हणतंय मां. फ्यूज पाच खेपे गेलो म्हणजे तो काय तरी सांगता. तेचा तोंड बांधून काय होतला? तुझो हात आसतलो त्या पेटयेवर."

"माका तू फ्यूज शिकव नको!" अक्षदा उसळली. नितेशसमोर आई बोलली, याचा तिला राग आला असावा. "तुझ्या तारेन मास्तरांचो हात जळलो. सगळी वाडी जाणता."

मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. गंगूने माझ्याकडे पाहिलं नाही. एकदाही नाही. "बरा," म्हणाली, पाटी डोक्यावर ठेवली आणि गेली.

रात्री मी ती नोंद लिहिली आणि तिथेच अडले. शनिवारी ती पोर चिकटपट्टीखाली लपवलेली तार घेऊन कुडाळला जाणार, आणि तिला थांबवू शकेल अशा एकाच माणसाचं ती ऐकणार नाही. का ऐकणार नाही, ते माझ्या कपाटात होतं. दहा वर्षं.

शुक्रवारी सकाळी गंगू मासे घेऊन आली नाही. मी तिच्या घरी निरोप पाठवला, आणि अक्षदाला कॉलेज सुटल्यावर कुर्ली घेऊन ये म्हणून सांगितलं. पाचच्या सुमारास दोघी आल्या. अक्षदा ओट्यावर बसली, गंगू नेहमीप्रमाणे खाली खळ्यात. मी १९९८ची वही अक्षदाच्या हातात दिली. मोठ्याने वाचायचं मी ठरवलं होतं, पण ते जमेना. तिने वाचलं.

'मंगळवार, २५ ऑगस्ट १९९८. गणपती आले. मुंबईची सात माणसं. संध्याकाळच्या आरतीत दोनदा फ्यूज गेला. गंगूला बोलावलं. ती म्हणाली, छतातली तार जुनी आहे, दोन पंखे बंद करा. मी म्हटलं, पाहुण्यांसमोर शोभा नको, दोन पदर घाल. तिने नको म्हटलं. मी पुन्हा सांगितलं. तिने घातले. रात्री दिवा गेला नाही.'

अक्षदाने ते वाचलं, मग पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं.

"मी सांगितलं होतं गं," मी म्हटलं. "तिने दोनदा नको म्हटलं. वाडीने विचारलं तेव्हा मी तिथेच उभी होते. यांनाही कधी सांगितलं नाही. ते गेले, त्यालाही आता पाच वर्षं झाली."

"काकी, ह्या कशाक काढलात?" गंगू म्हणाली. तिचा आवाज रागाचा नव्हता, दमलेला होता.

"तुला ठाऊक होतं. तू का नाही बोललीस?"

"तेव्हा तुमी मास्तरांका हातान घास भरवीत होतात. त्यात आणि तुमका वाडयेच्या तोंडाक कशाक देवचा?" ती म्हणाली. "आणि तुमी सांगलात ता खरा. पण बांधलो तो हात माझो. बापाशीन सांगलेला, पटना नाय तर बांधू नको. माका पटलेला नाय, आणि मी बांधलंय."

तिने माझी चूक माझ्याकडे राहू दिली आणि आपली आपल्याकडे ठेवली.

अक्षदा उठली, कुर्ली उचलून आईच्या पुढ्यात ठेवली, आणि खाली मान घालून चिकटपट्टी नखाने सोडवायला लागली. पट्टी निघाली. फ्यूजला जोडलेल्या वायरीचं प्लास्टिक एका ठिकाणी मऊ होऊन चपटं झालं होतं. एका दिवसाच्या सरावात. अक्षदाने तिथे बोट लावलं आणि पटकन आईकडे पाहिलं.

"उडालेले फ्यूज खंय आसत?" गंगूने विचारलं. "टाकलंस?"

"डबयेत आसत."

गंगूने पाचही नळ्या तळहातावर घेतल्या आणि एकेक करून उन्हाकडे धरल्या. माशाचा ताजेपणा बघताना ती कल्ले उचलते, तशी ती बघत होती.

"काच बघ. काळी पडली?"

"नाय. साफ आसा."

"दोन तारी एकमेकीक लागल्यो तर फटकन जाता, काच काळी नाय तर आरशासारखी होता. हेंची सगळ्यांची काच साफ आणि तार मधीच तुटलेली. म्हणजे हळूहळू भार चढलो. कोण तरी चाक धरून ठेवता." मग तिने विचारलं, "फ्यूज जावच्या आदी खंयचा चाक मंद होता?"

"दर खेपेक उजवा."

गंगूने कुर्ली उलटी केली. डावं चाक बोटाने फिरवलं, ते चार-पाच वेळा फिरून थांबलं. उजवं फिरवलं, ते अर्ध्यात थांबलं. एवढ्यात माझं मांजर आलं आणि त्या चाकाला हुंगायला लागलं. गंगू मांजराकडे बघत राहिली, मग चाकाकडे, आणि हसायला लागली.

"काकी, बारीक कातर हाडा."

मी भरतकामाची कात्री दिली. चाक आणि मोटर यांच्या मधल्या दांड्यात तिने कात्रीचं टोक घातलं, काहीतरी पकडलं आणि ओढायला लागली. तंगूस. मासे पकडायच्या जाळ्याचा नायलॉनचा दोरा. हातभर निघाला, आणखी हातभर निघाला, त्याला एक सुकलेला खवलासुद्धा चिकटलेला. गंगूच्याच दारातल्या जाळ्याचा. सरावाच्या पहिल्या आठवड्यात चाकाने तो गुंडाळून घेतला होता आणि फिरेल तसा तो आवळत गेला होता.

"मांजराक कळला," गंगू म्हणाली, "डिप्लोमावाल्यांक नाय."

अक्षदा हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. तिने ते बाहीला पुसले. "आये," म्हणाली, "आता फ्यूज खंयचो घालूया?"

दहा वर्षांनी कुणीतरी तिला हे विचारत होतं. तिने वायर दोन बोटांत घेऊन चोळली, तिची जाडी बघितली. "मोटरेक काय होया ता बगू नको. ही तार किती सोसता ता बघ. फ्यूज तारेच्या मापाचो. मोटर मोठी आसात तर तार मोठी घाल, मगे फ्यूज मोठो. उलट्या करूचा नाय."

त्यांनी दोन्ही मोटरींच्या वायरी बदलल्या, जरा जाड घेतल्या. प्रत्येक मोटरीला तिचा वेगळा फ्यूज, म्हणजे एक चाक अडलं तर दुसरं तरी चालावं. गंगूचा भाऊ सहदेव बोटींच्या बॅटऱ्या बघतो. त्याच्या डब्यातून तिने एक लहानसा खटका आणला, आमच्या पांढऱ्या पेटीतल्यासारखाच, पण बारा व्होल्टचा. तो सगळ्यांच्या वर, मुख्य म्हणून. अक्षदा तो बैठकीच्या टोकाला लावत होती, तिथे हात सहज पोचला असता.

"थंय नको. बॅटरेच्या नाकासमोर लाव."

"कित्याक?"

"बॅटरेपासून खटक्यापर्यंतची तार उघडी पडली तर तिका कोण वाचयतलो? तेवढी तार राखणीशिवाय रवता. म्हणान ती चार बोटांपेक्षा लांब असता नये."

अक्षदाने वहीत लिहून घेतलं. मला सिस्टरांची आठवण झाली. दिवेलागणीपर्यंत त्या दोघी ओट्यावर बसून होत्या, एकमेकींच्या हातातून स्क्रू-ड्रायव्हर ओढून घेत, भांडत. "तसो नको, आये!" "गप गो, हात मेलो थरथरता तुझो." गंगू ओट्यावर कधी चढून बसली ते माझ्या लक्षातही आलं नाही.

शनिवारी आम्ही सकाळच्या एस.टी.ने कुडाळला गेलो. कुर्ली अक्षदाच्या मांडीवर, चादरीत गुंडाळलेली. कंडक्टरने विचारलं, "बाळाचा तिकीट?" गंगू म्हणाली, "पाच वर्षांचा झाला की काढतलंव."

कॉलेजच्या हॉलमध्ये स्पर्धेआधी एक शिक्षक प्रत्येक रोबो तपासत होते. आमच्या आधीच्या दोन रोबोंना त्यांनी बाजूला काढलं, फ्यूज नव्हता म्हणून. कुर्ली त्यांनी उलटी करून पाहिली, खटका दाबून पाहिला, बॅटरीपासूनची ती चार बोटांची तार बघितली.

"हे कुणी लावलं?" त्यांनी विचारलं.

नितेश काहीतरी बोलणार होता. अक्षदा शाळेच्या शुद्ध मराठीत म्हणाली, "माझ्या आईने सर. ती फ्यूजचं काम करते."

शिक्षकांनी मान वर करून पाहिलं. गंगू माझ्या शेजारी, मागच्या भिंतीला टेकून उभी होती. तिने पदर सारखा केला आणि खिडकीबाहेर बघायला लागली. शिक्षकांनी कुर्लीवर हिरवी चिठ्ठी चिकटवली.

पहिल्या फेरीत कुर्लीने सहा ठोकळे आणले आणि ती जिंकली. दुसऱ्या फेरीत समोरचा रोबो मोठा होता, लोखंडी. दोघांचे आकडे एकमेकांत अडकले. दोन्ही चाकं जागच्या जागी ओढत राहिली, आणि मग कुर्लीचं उजवं चाक थांबलं. डावं चालूच. कुर्ली स्वतःभोवती फिरायला लागली. पोरं ओरडत होती. कुर्लीने फिरत फिरत आपला आकडा सोडवून घेतला, पण एका चाकाने ठोकळ्यापर्यंत जाता येईना. तीन मिनिटं संपली. कुर्ली हरली.

मी गंगूचा हात धरला.

अक्षदा मैदानात उतरली, कुर्ली उचलली, उजव्या मोटरीवर तळवा ठेवला. मग फ्यूज काढला आणि तो घेऊन, नितेशला आणि बाकीच्यांना मागे टाकून, पायऱ्या चढून आमच्यापर्यंत आली. तिने तो आईच्या हातात दिला.

गंगूने नळी ट्यूबलाइटकडे धरली.

"काच साफ," ती म्हणाली.

"साफ," अक्षदा म्हणाली.

"तेणी धरून ठेवल्यान, म्हणान गेलो. बरो गेलो. मोटर?"

"कोमट. आसा जिती."

"वायर?"

"थंड."

"मगे काय," गंगू म्हणाली. तिने ती नळी पदराच्या टोकाला बांधली. अक्षदा तिच्या खांद्याला टेकून उभी राहिली, बक्षीस समारंभ संपेपर्यंत. त्यांना काही मिळालं नाही.

परतीच्या एस.टी.त नितेश मागच्या सीटवरून गंगूला विचारत होता, "काकी, मगे माझ्या त्या चार पदरांका किती वेळ लागलो असतो?"

"पेटूक?" गंगू म्हणाली. "तीन मिनटांचो खेळ मां रे? तीन मिनटां."

वाडीत पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. माझ्या पाणंदीशी गंगू वळायला लागली. मी म्हटलं, "स्वयंपाकघरात सोमवारपासून दिवा नाही गंगू."

ती थांबली. "सोमवारापासून? आणि माका रोज बांगडे घेताना सांगूक नाय?"

"नाही सांगितलं."

मी आत जाऊन यांच्या टेबलाचा खण उघडला. टेस्टर तिथेच होता, यांनी त्याला कागद गुंडाळून ठेवला होता, वर त्यांच्या वाकड्या बोटांच्या अक्षरात 'गंगूचा' असं लिहिलेलं. मी तो कागदासकट तिला दिला. तिला अक्षर लागायला थोडा वेळ लागला. तिने कागदाची घडी करून चोळीत ठेवली.

मग तिने विहिरीवर हात धुतले, पदराला कोरडे केले, चपला काढल्या आणि उंबऱ्याच्या आत आली. मेन स्विच खाली ओढला. स्वयंपाकघरातल्या बोर्डाची चिनीमातीची खाच बाहेर काढून दिव्याजवळ, म्हणजे माझ्या मेणबत्तीजवळ, धरली. "फ्रिज आणि मिक्सर एकदम लावलात," ती म्हणाली. "लावू नकात. तार जुनी आसा, तुमच्या-माझ्यासारखी."

त्या रात्री मी लिहिलं:

शनिवार, १६ फेब्रुवारी २००८. कुडाळला जाऊन आले. कुर्ली दुसऱ्या फेरीत हरली. संध्याकाळी गंगूने स्वयंपाकघराचा फ्यूज बांधला. एकपदरी तार. दिवा लागला. उरलेली तार वीतभर, चहाच्या रिकाम्या डब्यात ठेवली.